पॉलिश खातं

क्षितिजाने पॉलिश खात्याच्या भिंतीवरून हात फिरवला आणि तळवा उलटा करून पाहिला. तळवा स्वच्छ होता.

शेजारी उभ्या असलेल्या विघ्नेशला, कारखान्याच्या मॅनेजरला, ते पाहून बरं वाटलं असावं. त्याने मोटरींच्या मागून गेलेले जाड पाइप दाखवले, ते ज्या हिरव्या पेटीला जाऊन मिळत होते तिच्यावर थाप मारली आणि सांगितलं, की मागच्या तपासणीत शेरा आला म्हणून शेठने ही धूळ ओढणारी यंत्रणा बसवून घेतली. आज मात्र दुरुस्तीसाठी खातं बंद होतं. क्षितिजा मोटरींपाशी वाकली. चाकांवर कापड चढवलेलं नव्हतं. पाइपांच्या तोंडावरचं प्लास्टिकही अजून कोणी काढलेलं नव्हतं.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना स्टीलचे चमचे, काटे आणि सुऱ्या बनवायचा. सगळा माल जर्मनीतल्या एका कंपनीला जायचा, आणि अशा कंपन्यांच्या वतीने कारखाने तपासणं ही क्षितिजाची नोकरी होती. जिने मोकळे आहेत का, पगार वेळेवर होतात का, माणसं दिवसभर ज्या हवेत उभी असतात ती हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे ती पाहायची आणि कळवायची. हा कारखाना वाट्याला आला तेव्हा तिने अंधेरीच्या ऑफिसात साहेबांना आधीच सांगितलं होतं, की माझे वडील तिथे पॉलिशवर होते. साहेब म्हणाले होते, मग कुठे बघायचं ते तुला कळेल.

तिला कळत होतं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की आई तिला घेऊन बाबांचा डबा द्यायला इथे यायची. जेवणाचा भोंगा झाला की या खोलीतून माणसं बाहेर पडायची ती सगळी एकसारखी, चाकाला लावायच्या मसाल्याने आणि कापडाच्या तंतूंनी काळीठिक्कर. त्यांतले आपले बाबा कोणते हे तिला ओळखू येत नसे. त्यांतलाच एक जण ‘क्षिती’ म्हणून हाक मारी, तेव्हा ती त्याच्याकडे जाई. अशा खोलीच्या भिंती नुसत्या रंगाने पांढऱ्या राहत नाहीत. त्यासाठी तिथलं काम दुसरीकडे जावं लागतं.

पॅकिंगच्या टेबलावर चमचे रचून ठेवले होते. तिने एक उचलला. त्याच्या खोलगट भागात तिचा चेहरा उलटा दिसला.

“हे पॉलिश कुठे झाले?”

विघ्नेशने खिशातून मोबाइल काढला, तो परत खिशात ठेवला, आणि शेठशीच बोला म्हणाला.

शेठ, फ्रेडरिक लोपीस, वरच्या केबिनमध्ये बसला होता. गिरीजच्या वाडीतला रस्त्याकडचा तुकडा विकून त्याने हा गाळा घेतला, तेव्हा गावात लोक त्याला हसले होते. केळी सोडून कोणी चमचे लावतं का, असं त्याला चर्चच्या पायऱ्यांवर विचारलं जायचं. पुढे त्याच लोकांची मुलं त्याच्याकडे कामाला आली. कोकणातून आली, देशावरून आली. नालासोपाऱ्यात ज्यांनी छोटे छोटे फ्लॅट घेतले, त्यांतल्या कितीतरी जणांचे हप्ते या चमच्यांवर फिटले होते. आचोळ्यातला क्षितिजाचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅटही त्यांतलाच, आणि तिचं शिक्षणसुद्धा.

“कृष्णाची मुलगी ना तू?” तो म्हणाला. “बस, बाय. तो कसा आहे?”

तिने सांगितलं, की झोपताना ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागतं आणि जिना चढताना मधेच बसावं लागतं. त्याने मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं. कृष्णा कामावरून उठला त्या दिवसापासून त्याची औषधं आचोळ्यातल्या दुकानातून फ्रेडरिकच्याच नावावर येत होती.

क्षितिजाने पॉलिशचं विचारलं. तो खोटं बोलेल याची तिची तयारी होती, आणि तसं झालं असतं तर तिला सोपंही गेलं असतं. पण त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“यंत्रणा मी खरीच घेतली. पण ती चालवायला वीज लागते, फिल्टर बदलावे लागतात, कामही कमी निघतं. मी त्यांना म्हटलं, चमच्यामागे थोडा भाव वाढवून द्या. त्यांनी मागच्या सालापेक्षा कमी दिला, आणि वर लिहिलं, तुमच्या आवारात धूळ दिसता कामा नये.” त्याने खिडकीतून खाली, झाडलेल्या अंगणाकडे पाहिलं. “आता आवारात नाही.”

क्षितिजानेही खाली पाहिलं. एका टेम्पोत चमच्यांच्या पेट्या चढत होत्या.

“बघायचं असेल तर टेम्पो आत्ताच निघतोय,” तो म्हणाला. “त्यात बस. मी ड्रायव्हरला सांगतो.”

महामार्ग ओलांडून टेम्पो कामणच्या बाजूला वळला. एके काळच्या भाताच्या खाचरात भराव टाकून पत्र्याची एक लांबट शेड उभी केली होती. तिला खिडकी नव्हती. टेम्पोतून खाली उतरायच्या आधीच तिला चाकांचा आवाज ऐकू आला, घोंघावणारा, मधेच धातू टेकला की किंचाळणारा. आत बहुतेक बायकाच होत्या. साडीवर पुरुषी शर्ट घातलेला, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, आणि शर्ट, ओढणी, कपाळ सगळं एकाच रंगाचं. क्षितिजाच्या बॅगेत हवेतली धूळ मोजायचं यंत्र होतं. ते तिने बाहेर काढलं नाही. दारातून पलीकडची भिंत दिसत नव्हती.

दाराजवळच्या एका वयस्क बाईने मोटर बंद केली आणि ती पदराने तोंड पुसत बाहेर आली. पुसल्याने काही फरक पडला नाही. तिने क्षितिजाच्या हातात पाण्याची बाटली दिली.

“पानी पी आदी. उन्हाची आलीस. तू बचत गटाची का?”

क्षितिजाने सांगितलं, की काम कसं चालतं ते बघायला आलेय. बाटलीवर काळ्या बोटांचे ठसे होते. ती पाणी प्यायली.

बाईचं नाव भागूबाई. खाडीकाठच्या गावातली. शेत रेल्वेच्या नव्या मार्गात गेलं, मोबदल्यात घर पक्कं झालं, आणि मग करायला काही उरलं नाही. त्याआधी ती मिठागरात जायची, तेही बंद पडलं. इथे मात्र बारा महिने काम होतं आणि ते सावलीतलं होतं. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. उलट, कोणी पाहुण्याला आपलं घर दाखवावं तसं सांगितलं.

“मिठागरान पाय सडायचं,” ती म्हणाली. “हितं कोरडं रातात.”

तिला खोकला आला. तो ओसरेपर्यंत ती पत्र्याला धरून उभी राहिली, मग बाजूला थुंकली आणि त्यावर पायाने माती सारली. सकाळी एकदा काळं पडून गेलं की मोकळं वाटतं, असं तिने सांगितलं. क्षितिजाच्या घरी हेच वाक्य कितीतरी वर्षं रोज बोललं जायचं.

संध्याकाळी घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. कृष्णा पलंगावर उशांना टेकून बसला होता. शेडमध्ये किती बायका होत्या हे त्याने विचारलं नाही. त्याने एवढंच सांगितलं, की हे वर कळवू नकोस. ऑर्डर गेली तर शेडमधल्या बायका घरी बसतील, कारखान्यातली माणसंही बसतील, आणि जर्मनीतल्या कोणाला त्याचं काहीच वाटणार नाही. बोलताना त्याला दम लागत होता, म्हणून तो एकेक वाक्य तोडून बोलत होता.

“फ्रेडीशेठ वाईट माणूस नाही, क्षिती.”

“मी वाईट माणूस शोधायला गेलेच नव्हते, बाबा.”

आई, सुनंदा, दारात तांदूळ निवडत बसली होती. जेवणं झाल्यावर क्षितिजा ओटा पुसायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा आईने नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

“यांना आधी क्षयाची औषधं दिली,” ती म्हणाली. “मग दम्याची दिली. कितीतरी डॉक्टर झाले. हे कशाने झालं ते एकानेही लिहून दिलं नाही. तू तरी लिही.”

क्षितिजाने लिहिलं. आवारातलं लिहिलं आणि आवाराबाहेरचंही. शेवटी तिने आणखी एक मुद्दा जोडला, की मालाचा भाव दर वर्षी कमी होत गेला तर धूळ ओढणारी यंत्रणा कोणताही कारखानदार चालवू शकणार नाही, तेव्हा त्याचाही विचार व्हावा. साहेबांनी अहवाल वाचून तिचं कौतुक केलं आणि तो मुद्दा काढून टाकला. भाव हा आपला विषय नाही, असं त्यांनी समजावलं. ते रागावले नव्हते. त्यांच्या मते ती नवी होती, शिकेल.

जर्मनीतल्या कंपनीने वेळ लावला नाही. कामगारांच्या आरोग्याच्या प्रश्नावर आपण भारतातल्या एका पुरवठादाराशी संबंध तोडले आहेत, असं तिने आपल्या वेबसाइटवर जाहीर केलं. क्षितिजाच्या ऑफिसात त्यावर केक कापला गेला. तिला बढती मिळाली आणि तिरुपूरच्या कापड कारखान्यांचं मोठं काम तिच्याकडे आलं. फ्रेडरिक काही दिवस माल घेणाऱ्या दुसऱ्या पार्ट्यांना भेटत राहिला. पण सगळ्या माहीतगार होत्या, त्याच्याकडे काय सापडलं ते त्यांना कळलेलं होतं. पावसाळा सरला तसे कारखान्यातले पत्रा कापणारे प्रेस थांबले. ऑनलाइन मागवलेली पार्सलं ठेवायला एका कंपनीने गाळा घेतला. जुन्या कामगारांतले तरुण होते ते तिथेच हमालीला लागले, काही दमणच्या बाजूला गेले, काही गावी.

तिरुपूरला निघायच्या आधीच्या रविवारी फ्रेडरिक त्यांच्या घरी आला. चर्चमधल्या मिसाहून तसाच आला असावा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्याने वाडीतल्या केळ्यांचा घड आणला होता. सुनंदाने चहा केला. कारखान्याचं बोलणं निघालं नाही. त्याने कृष्णाला यंत्राबद्दल, झोपेबद्दल विचारलं, जुन्या दोघा-तिघांची खुशाली सांगितली. क्षितिजा आतल्या दारात उभी होती. आपण बसावं की जावं हे तिला कळत नव्हतं.

उठताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या मुलीने खोटं एक अक्षर लिहिलं नाही, कृष्णा.”

मग तो घुटमळला. काहीतरी सांगायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. कृष्णानेच त्याची सुटका केली.

“औषधांचं आम्ही बघतो, शेठ,” तो म्हणाला. “क्षितीला आता पगार चांगला आहे.”

फ्रेडरिकने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तो गेल्यावर सुनंदाने घडातली केळी सोडवून शेजारीपाजारी वाटली. घरात एकही ठेवलं नाही.

तिरुपूरमध्ये क्षितिजाचे दिवस भराभर गेले. फोनवर बाबांचा आवाज पूर्वीपेक्षा बरा वाटायचा. सकाळी खाली जाऊन बसतो, असं ते सांगायचे. आईला विचारलं तर ती म्हणायची, हो, बसतात. तेवढ्यावर ती विषय बदलायची. माणसांत बसल्याने त्यांना बरं वाटत असेल, असं क्षितिजा धरून चालली.

होळीच्या आधी ती न कळवता घरी आली. रिक्षा इमारतीपाशी थांबली आणि रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. घोंघावणारा, मधेच किंचाळणारा.

तळमजल्यावरचं शिंप्याचं दुकान कधीपासून बंद पडलेलं होतं. आता त्याचं शटर अर्धं वर होतं. शटरच्या बाहेर, फरशीवर, कृष्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. तोंडावर ओला रुमाल बांधलेला होता. शटरखालून एक काळा हात बाहेर आला आणि त्याने एक चमचा कृष्णासमोर धरला. कृष्णाने तो उजेडात फिरवून पाहिला, दांड्याजवळ अंगठा ठेवून दाखवला, आणि परत दिला.

क्षितिजाने बॅग तिथेच खाली ठेवली.

“बाबा, हे काय?”

त्याने रुमाल खाली ओढला. श्वास जमवायला त्याला थोडा वेळ लागला.

“विघ्नेशने टाकलंय. शेड बंद झाली, मोटरी पडून होत्या. जागा बघत होता.” तो थांबला. “मीच म्हटलं, खाली दुकान रिकामं आहे.”

ती बघत राहिली. त्याने नजर चुकवली नाही.

“दुसऱ्या गल्लीत चालू केलं होतं आधी. कोणाच्या तरी घरात. तिथे एकीचं बोट गेलं. चमचा कसा धरायचा ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. भागूबाई सांगायला आली मला. इथे असलं, तर मी बघू तरी शकतो.”

“आणि माल कोणाचा?”

“तोच आहे. जर्मनीचाच. आता गुजरातच्या एका पार्टीमार्फत येतो.” त्याने पुन्हा श्वास घेतला. “त्यांच्या आवारात पॉलिश खातंच नाही म्हणे.”

क्षितिजाने फोन काढला. साहेबांचा नंबर समोर आला आणि अंगठा त्यावर येऊन थांबला. काय सांगायचं ते तिला नीट माहीत होतं, आणि त्यावर काय होईल तेही. पुन्हा वेबसाइटवर चार ओळी येतील. विघ्नेश एका दिवसात मोटरी उचलेल.

“कळवलंस तर इथून जाईल,” कृष्णा म्हणाला. “फक्त कुठे गेलं ते मला दिसणार नाही.”

तिने फोन पर्समध्ये टाकला, वाकली आणि शटरखालून आत गेली.

आत दिवा होता, पण त्याचा उजेड दिव्याभोवतीच राहत होता. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांतल्या काही याच इमारतीतल्या असाव्यात, पण चेहऱ्यांवरून ओळखणं शक्य नव्हतं. कोपऱ्यातून भागूबाईने तिला ओळखलं आणि मान हलवली. तिचा खोकला आता वेगळा झाला होता, खोलवरून यायचा आणि अर्ध्यातच अडकायचा. क्षितिजाने भिंती निरखल्या. मागच्या भिंतीला खिडकीएवढा प्लायवूडचा तुकडा ठोकलेला होता.

“ही बंद का केली?”

“ईग्नेश बोलला,” भागूबाई म्हणाली. “धूल भायेर गेली का सोसायटीवालं भांडतील.”

क्षितिजाने हातोडी मागितली. ती नव्हती. मोटरीचे नट आवळायचा मोठा पाना मिळाला. तिने तो प्लायच्या कडेत घालून जोर लावला. भागूबाई उठली आणि दुसऱ्या कडेला हात घालून ओढू लागली. एकेक करून सगळ्यांनी मोटरी बंद केल्या. खिळे करकरत निघाले, शेवटचा अडून बसला, आणि मग सगळा तुकडाच क्षितिजाच्या अंगावर आला. मागून दुपारचं ऊन आत शिरलं. बायकांनी डोळ्यांवर हात धरले. उन्हाच्या पट्ट्यात हवा दिसू लागली, घट्ट, काळसर, हळूहळू खिडकीकडे सरकणारी. जिच्या पलीकडे इतका वेळ कोणी दिसत नव्हतं त्या धुळीतून एक तरुण मुलगी दिसली, तिच्या पलीकडे आणखी एक.

भागूबाईने खिडकीजवळची जागा घेतली आणि मोटर चालू केली. मग बाकीच्यांनीही चालू केल्या. क्षितिजा पाना हातात घेऊन इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. चाकांपासून उठलेली धूळ खिडकीतून बाहेर पडत होती, भिंतीला धरून वर चढत होती, एखाद्या चुलीचा धूर चढावा तशी. आतून कृष्णाचा आवाज आला. तो शटरखालून कोणाला तरी विचारत होता, आता बरं वाटतंय का.

वर एक खिडकी सरकून बंद झाल्याचा आवाज झाला. क्षितिजाने मान वर केली. पहिल्या मजल्यावर, आपल्या स्वयंपाकघराच्या काचेमागे, आई फटींमध्ये ओलं फडकं खुपसत होती.